मदत हवी आहे : जुन्या इंग्रजी पत्रांतला 'वाय-ई' कसा उतरवायचा?

सतराव्या शतकातल्या इंग्रजी हस्तलिखितांत 'द' हा शब्द वाय आणि त्याच्या डोक्यावर बारीक ई असा येतो. हा वाय मुळात थॉर्न नावाचं, 'टीएच'च्या उच्चाराचं जुनं अक्षर. लिहिताना घासत घासत वायसारखं झालेलं. १६११च्या किंग जेम्स बायबलातही (बायबलचं इंग्रजी भाषांतर) तो क्वचित छापलाय. (जुन्या धाटणीच्या इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवरचं 'यी ओल्ड' म्हणजे निव्वळ गंमत, उच्चार 'द'च.) डोक्यावर टी असेल तर 'दॅट'.

घोळ असा, की 'तुम्ही' अर्थाचा खरा 'यी'सुद्धा वाय-ईच. दोन्ही शब्द एकाच ओळीत असले की सरसकट फाइंड-रिप्लेस अंगाशी येतं.

मग टंकताना वाय तसाच ठेवून ई वर चढवावा, की टीएच लिहून ती दोन अक्षरं तिरपी करावीत? पुढे शब्दशोधाला काय सोयीचं पडतं?