गोकर्णाच्या फुलांची रंग बदलणारी जिन: टॉनिक घालताच जांभळी का?

प्रश्न: जांभळ्या थीमची पार्टी आहे. रंग पाहुण्यांसमोर बदलायला हवा, पण गोकर्णाच्या फुलांचं निळं पाणी टॉनिकमध्ये (जिनमध्ये घालतात ते कडवट सोडा-पाणी) मिसळून ठेवलं की लगेच जांभळं होतं. काय करू?

उत्तर १: टॉनिकमध्ये सायट्रिक आम्ल असतं, म्हणून. रंग जिनमध्येच उतरवा. ७५० मिली जिनमध्ये १०-१२ सुकी फुलं, २ तास, मग गाळा. जास्त ठेवलीत तर गवतासारखा उग्रपणा येतो. ग्लासात बर्फ, ४५ मिली निळी जिन. १२० मिली टॉनिक पाहुण्यासमोरच ओता.

उत्तर २: गुलाबीकडे न्यायचं तर शेवटी १५ मिली लिंबूरस. न पिणाऱ्यांसाठी कपभर गरम पाण्यात ६ फुलं, ५ मिनिटं. पूर्ण गार करूनच वापरा, नाहीतर बर्फ वितळून रंग फिका पडतो.