टेबलावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा नको
इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्तीच्या टेबलावर स्थिर विजेचा चार्ज साठू नये म्हणून वर पत्रा ठोकून त्याला अर्थिंग द्यायचं सुचवलंय. कृपया तसं करू नका. पत्र्यातून चार्ज एका झटक्यात उतरतो, आणि मॉसफेट या ट्रान्झिस्टरचं नाजूक गेट (नियंत्रणाचं टोक) नेमकं त्या झटक्यानेच जातं. चालू बोर्ड ठेवला तर शॉर्ट, २३० व्होल्टचं काम असेल तर जिवालाच धोका.

चार्ज सावकाश वाहून गेला पाहिजे. दोन थरांची रबरी अँटिस्टॅटिक मॅट घ्या; वरच्या थराचा रोध साधारण १० लाख ते १०० कोटी ओहम असावा. मनगटपट्ट्याच्या (अंगावरचा चार्ज अर्थिंगला नेणाऱ्या पट्ट्याच्या) वायरीत १ मेगाओहमचा रेझिस्टर हवाच.

नागपुरात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सनमायकावर नायलॉनची बाही घासली तरी चार्ज साठतो. कूलरच्या ओलाव्याने तो कमी होतो, पण तेवढ्यावर विसंबून मॅट टाळू नका.