शब्दचर्चा : ‘सेन्सर द्या’ म्हटलं, तर कोणता?

मे महिन्यात वरोऱ्याहून खताची पोती आणताना आमची पिकअप तापली. गाडी माझा धाकटा दीर चालवतो. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा झाकणासारखा भाग, उतरवल्यावर दोन व्हॉल्व्हच्या मधोमध तडा दिसला, म्हणून नवं हेड टाकावं लागलं. सगळं बसलं आणि शेवटी एक बोटभर पितळी सेन्सर राहिला, कारण जुना काढताना त्याचं प्लॅस्टिकचं तोंड तुटलं होतं. मिस्त्रीनं चिठ्ठीवर ‘टेम्परेचर सेन्सर’ लिहून दिलं. सुट्टी होती, म्हणून मीच एसटीनं तालुक्याला गेले आणि दुकानातून घेऊन आले. त्याला एकच पिन निघाली, आमच्या गाडीच्या वायरिंगला दोन लागत होत्या. मिस्त्री म्हणाला, “वहिनी, हा काट्याचा आहे. आपल्याले कम्प्युटरचा पाहिजे.”

दुसरी खेप झालीच, पण माझ्या डोक्यात राहिलं ते त्याचं वाक्य. मी शाळेत मराठी शिकवते. चिठ्ठीवर आणि डब्यावर सगळ्यांना मिळून ‘सेन्सर’ हा एकच शब्द, आणि बोलण्यात मात्र दोन वेगळे, चोख शब्द. मग मी त्याच्याजवळ बसून विचारत गेले. डॅशबोर्डवरचा काटा हलवतो तो ‘काट्याचा’. इंजिनाच्या कम्प्युटरला पाणी किती तापलं ते कळवतो, ज्यावरून डिझेल किती सोडायचं ते ठरतं, तो ‘कम्प्युटरचा’. आणि काही गाड्यांत ठरावीक तापमानाला नुसता चालू-बंद होतो, तो ‘पंख्याचा स्विच’. बऱ्याच नव्या गाड्यांत मधला एकटाच असतो, काटाही कम्प्युटरच हलवतो.

माझं म्हणणं असं आहे की हे शब्द बोलीतले म्हणून बाजूला ठेवू नयेत. चिठ्ठीवरही तेच लिहावेत. तुमच्या भागात या तिघांना काय म्हणतात?

वणीहून, गॅरेजवाला

ताई, काट्याचा अन् कम्प्युटरचा हे आमचे रोजचेच शब्द आहेत. काट्याच्याले एकच तार राह्यते. त्याची दुसरी तार म्हंजे हेडच. करंट चुडीतून, म्हंजे सेन्सरवरच्या स्क्रूसारख्या वेढ्यांतून, हेडमंधी उतरते, त्याले आम्ही बॉडी अर्थ म्हणतो. म्हणून त्या चुडीवर पांढरी टेप जाड गुंडाळू नये. अर्थ तुटला तर सेन्सर चांगला असूनही काटा हलत नाही, अन् गिऱ्हाईक म्हणते नवीन हेडच खराब आहे. दोन पिनवाल्याचा अर्थ तारेतूनच येते. त्याले नवा तांब्याचा वायसर (वॉशर) नाहीतर रबरी रिंग, जे त्याच्यासंगं आलं असन ते लावावं, जुनं परत लावू नये.

नव्या हेडले कधी कधी एखादं भोक जास्त राह्यते. त्याले बूच लागते. जुन्या हेडवरचं बूच काढून नव्यावर लावाचं राहून गेलं तर पाणी भरल्याबरोबर फवारा निघते.

ट्रॅक्टरचा शब्द पण सांगतो. जुन्या ट्रॅक्टरले तार नाही, मीटरपासून हेडपर्यंत एक बारीक नळी जाते, तिच्या टोकाले ‘बल्ब’. त्यात द्रव भरलेला राह्यते. तो तापून दाब वाढते अन् काटा सरकते. बॅटरी काढली तरी तो काटा चालते. म्हातारे मिस्त्री म्हणून सगळ्याच सेन्सरले बल्ब म्हणतात, अन् पोट्टे दुकानात जाऊन हेडलाइटचा बल्ब आणतात.

पुलगावहून, आयटीआयमधील निदेशक

वणीच्या भाऊंनी ‘चुडी’ म्हटलं, त्यावर थोडं. आमच्या शिकवण्यात शब्द आहे ‘आटे’. आटे पाडणे, आटे मरणे, आटे धरणे, अशी त्याची क्रियापदंही मराठीत पक्की आहेत. पण वर्गात येणारी मुलं चुडीच म्हणतात. हिंदीत चूड़ी म्हणजे बांगडी, आणि स्क्रूवरचे वेढे बांगड्यांच्या चळतीसारखे दिसतात, म्हणून तो शब्द. मला वाटतं विदर्भात चुडी रुजायला एक कारण आणखी आहे. आपल्याकडे ‘आटा’ म्हटलं की गिरणीतलं पीठ आधी आठवतं. ‘आटा गेला’ याचा अर्थ इथे कुणाला स्क्रूशी लागणारच नाही. मी वर्गात दोन्ही शब्द चालवतो, कारण परीक्षेच्या कागदावर आटे येतात आणि गॅरेजात चुडी.

शब्द कोणताही घ्या, माप मात्र शब्दाइतकंच नेमकं सांगा. 12 मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर पिच (दोन वेढ्यांमधलं अंतर) हे माप सेन्सरांत पुष्कळ आढळतं, पण 14 मिलिमीटरचेही असतात आणि निमुळत्या आट्यांचेही. नवं हेड दुसऱ्या बनावटीचं असेल तर भोकाचं माप जुन्या सेन्सरशी जुळेलच असं नाही. सेन्सर आधी नुसत्या हातानं दोन-तीन वेढे फिरला पाहिजे. पाना नंतर. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर पितळ त्याच्यापेक्षा कठीण पडतं, जोर लावला की मरतात ते हेडचे आटे. हजारो रुपयांच्या नव्या हेडला पहिल्याच दिवशी परत आटे पाडायची वेळ आलेली मी पाहिली आहे, त्यामुळे हे कळकळीनं लिहितो.

मूळ लेखिका

निदेशक सर, ‘आटे धरणे’ माझ्या कानावर नव्हता, टिपून ठेवला.

‘सेन्सर’च्या लेखनाबद्दल एक सांगायचं आहे. परवा एका पावतीवर ‘सेन्सॉर बदलला’ असं वाचलं. हे दोन शब्द वेगळे आहेत. सेन्सॉर म्हणजे चित्रपट तपासणारा. प्राचीन रोममध्ये जनगणना आणि लोकांच्या वर्तनावर देखरेख करणारा अधिकारी, त्याच्या पदनामावरून आलेला. सेन्सर आला तो जाणणे, अनुभवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून. पाठ्यपुस्तकांतला ‘संवेदक’ म्हणूनच मला चांगला वाटतो, त्यातही विद् म्हणजे जाणणे हाच धातू आहे. पण ‘काट्याचा संवेदक’ कुणी म्हणणार नाही, आणि म्हणावं असा माझा आग्रहही नाही. महत्त्वाचं काम ‘काट्याचा’ हे विशेषण करतं, पुढे सेन्सर असो की संवेदक.

‘टाकणे’ हेही बघा. आपल्याकडे ‘हेड टाकलं’ म्हणजे नवीन बसवलं. माझी पुण्याची मावसबहीण हे ऐकून म्हणाली, “टाकून का दिलं?”

दर्यापूरकडून, शेतकरी

सेन्सरपेक्षा मोठा घोटाळा ‘पाणी’ या शब्दानं केला आहे. आपण सगळे म्हणतो, “रेडिएटरात पाणी टाक.” मग पोरगं बोअरवरून कॅन भरून आणतं आणि ओततं. आमचा तर खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे जमिनीखालचं पाणी पिकाला चालत नाही, माणसाला चालत नाही, आणि इंजिनाला चालेल असं कसं समजायचं? त्यातले क्षार सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरतात, मग तो उशिरा आणि कमी तापमान सांगतो. ॲल्युमिनियमचं हेड तर खारं पाणी आतून कुरतडत जातं. माझ्या गाडीचं हेड काढलं तेव्हा पाण्याच्या वाटांभोवती कीड लागल्यासारखे खड्डे होते.

म्हणून मी घरात नियम केला, ‘कूलंट’ म्हणायचं. शुद्ध मराठी ‘शीतलक’ म्हटलं तरी हरकत नाही. पाणी म्हणायचं नाही. डब्यात तयार मिसळलेलं मिळतं. घट्ट आणलं तर त्यात शुद्ध केलेलं, क्षार नसलेलं पाणीच मिसळायचं.

वणीहून, गॅरेजवाला

दर्यापूरच्या भाऊंचं एकदम बरोबर. अजून एक शब्द लिहून ठेवा : ‘हवा धरणे’. विहिरीवरची मोटर हवा धरते तसंच इंजिनपण धरते. हेड टाकल्यावर कूलंट भरलं की आत कुठंतरी हवा अडकून राह्यते, अन् ती वर चढून नेमकी सेन्सरच्या टोकाशी बसते. सेन्सरचं टोक कूलंटमंधी बुडालेलं पाहिजे. ते हवेत असलं तर इंजिन उकळत राह्यते अन् काटा खाली झोपलेला. काटा खाली आहे म्हणून ड्रायव्हर गाडी दामटते, अन् नवीन हेडपण जाते. म्हणून हवा काढाचा स्क्रू असन तर त्यातून काढावी, गाडी चालू ठेवून थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडू द्यावा, मग थंड झाल्यावर परत पातळी पाहावी. गरम इंजिनचं झाकण उघडू नये, पाणी अंगावर येते.

पुलगावहून, आयटीआयमधील निदेशक

‘काटा झोपणे’ हाही नोंदवा. पण एक इशारा देतो. कम्प्युटरच्या सेन्सरचा आकडा उलटा चालतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. नेहमीच्या दोन पिनच्या सेन्सरमध्ये 20 अंशाला साधारण 2,500 ओहम, तर 80 अंशाला 300 च्या आसपास. मुलं मीटरवर आकडा घसरताना पाहून ‘सेन्सर झोपला’ म्हणतात आणि चांगला माल फेकतात. बसवण्याआधी गंजात (पातेल्यात) पाणी तापवून सेन्सरचं टोक बुडवावं, आकडा सलग उतरत जातो का पाहावं. अडखळला किंवा मधेच उडाला तर तो परत करावा.

मूळ लेखिका

काल दिराकडून गाडीच्या खणात ठेवायला नवी चिठ्ठी लिहून घेतली : “कम्प्युटरचा सेन्सर, दोन पिन, चुडी 12 ची, पिच दीड, वायसरसह. जुना सोबत नेणे.” ‘पंख्याचा स्विच’ला तुमच्याकडे वेगळं नाव असेल तर ते अजून हवं आहे, त्यावर अद्याप कुणीच लिहिलेलं नाही.