बोटीवरच्या पोरांची झोप उडाली तर पथकप्रमुखाने काय करायचं?

बोटवाला_शिरोळ:
पावसाळा तोंडावर आलाय. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. त्याआधी बोटी, दोर, लाइफ जॅकेट सगळं तपासून होतं. पण पुरातून मृतदेह काढणाऱ्या आमच्या बचाव पथकातल्या पोरांच्या मनाचं काय? पूर ओसरल्यावर सगळ्यांना गोल बसवून 'जे पाहिलं ते बोला' असं सांगायचा बेत आहे. बरोबर आहे का?

समुपदेशक_राजारामपुरी:
तो बेत सोडा. सगळ्यांना लगेच बसवून आठवणी सांगायला लावल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही हे सुचवत नाही. कामाची पाळी संपली की कोरडे कपडे, गरम जेवण, घरी फोन आणि सलग झोप. आढावा घ्या, पण कामाचा: बोट कुठे अडकली, दोर कुठे कमी पडला. मनातलं ज्याला बोलायचंय तो बोलेल, त्याच्याजवळ बसा.

खरी काळजी मृतदेह काढतानाच घ्यायची. नव्या पोराला पहिल्याच दिवशी त्या कामाला लावू नका, माणसं बदलत राहा. देह लगेच झाका. चेहऱ्याकडे, मोबाइलमधल्या फोटोंकडे बघत बसू नये. ओळख पटवायचं काम वेगळ्या माणसाकडे द्या. वास झाकायला अत्तर किंवा बाम लावतात, तेही टाळलेलं बरं. पुढे घरात तोच बाम उघडला की तेच दृश्य उभं राहू शकतं. आणि देहांचे फोटो ग्रुपवर अजिबात नकोत.

बोटवाला_शिरोळ:
डॉक्टरकडे कुणाला न्यायचं, हे ओळखायचं कसं?

मनोविकार_ओपीडी:
पहिले काही आठवडे वाईट स्वप्नं, दचकणं, चिडचिड बहुतेकांना होते आणि हळूहळू ओसरते. महिना उलटूनही तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, पोरगा नदीच्या घाटाकडे फिरकत नसेल, 'माझ्यामुळेच तो गेला' म्हणत असेल, कामधंदा आणि घर दोन्ही बिघडलं असेल, तर न्या. एकाएकी वाढलेली दारू हीही खूणच आहे. जगण्याचा कंटाळा आला असं कुणी बोललं तर मात्र महिन्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी न्या, तोवर एकटं सोडू नका.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. उपचारात त्या आठवणींवरच टप्प्याटप्प्याने काम होतं, साधारण ८ ते १२ बैठका. सर्ट्रालीनसारखी नैराश्य-चिंतेवरची गोळी दिली तर गुण यायला काही आठवडे लागतात. दहा दिवसांत बंद केली की सगळे म्हणतात औषध लागू पडलं नाही. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. सवय लागते, मूळ त्रास तसाच राहतो, दारूसोबत जिवावर बेततं.

समुपदेशक_राजारामपुरी:
एक भर घालतो. 'मला काय झालंय?' म्हणून पोरगा नाकारतो, तेव्हा मनाचा विषय काढू नका, झोपेचा काढा. झोपेच्या तक्रारीसाठी तो येतो. बायकोला, आईला आधीच सांगून ठेवा, रात्रीचं ओरडणं त्यांनाच कळतं. त्याला पथकातून काढू नका, नाहीतर बाकीचे लपवायला लागतात. इंजिन, दोर, डिझेलचा हिशोब त्याच्याकडे द्या. पाणी उतरल्यावर आठवड्याने आणि बरोबर महिन्याने प्रत्येकाला फोन करायची तारीख वहीत आत्ताच लिहा. त्या यादीत पहिलं नाव तुमचं घाला, आणि तुम्हाला फोन कोण करणार तेही ठरवा.