फोल्डर डिलीट होत नाही, म्हणतं "आयटम सापडला नाही" आणि समोर तर दिसतंय!

पेटीवाली_देवगड
नमस्कार मंडळी. देवगडला आमचा आंब्याचा धंदा आहे आणि जोडीला छोटं होमस्टे, सगळा कारभार एकाच जुन्या डेस्कटॉपवर चालतो, विंडोज १० आहे. पावसाळ्यात लाईट सारखी ये-जा करत होती आणि एकदा विंडोज उघडेचना, तेव्हा वाडीतला एक मुलगा आला, त्याने पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी, फुकट सिस्टिम) चालू करून सगळा कामाचा डेटा डी ड्राइव्हला एका नवीन फोल्डरमध्ये काढून ठेवला आणि मग विंडोज परत टाकून दिलं. काम छान केलं त्याने, पण त्या फोल्डरला नाव दिलं "लेबल बिलं इ." आणि ते तेव्हापासून तिथे ठाण मांडून बसलंय. उघडायला गेलं की लोकेशन अव्हेलेबल नाही म्हणतं. डिलीट केलं की "कुड नॉट फाइंड धिस आयटम, धिस इज नो लाँगर लोकेटेड इन" वगैरे लांबलचक. रिनेमलाही तेच. रिस्टार्ट करून झालं, अँटीव्हायरस फिरवून झाला, अ‍ॅडमिन लॉगिन तर आहेच. आता सीझन तोंडावर आलाय, डिस्क जवळपास भरलीये आणि हे फोल्डर बरीच जागा खातंय. मुलगा आता पुण्याला असतो, फोन केला तर म्हणाला काकू फॉरमॅट मारा. फॉरमॅट न मारता काही होईल का?

मालवणी_गजाल
माका पण असाच झाला होता, एक पीडीएफ काय केल्या जायना. मी रिस्टार्ट मारलंय नि गेली. तुम्ही शटडाऊन केलास की रिस्टार्ट? दोन्ही सारख्या नसता हां.

गुहागर_बंदर
वरचे मालवणी भाऊ मस्करीत नाही बोलत, मुद्दा खरा आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप म्हणून प्रकार आहे, तो चालू असला तर शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. रिस्टार्टला मात्र सगळं खरोखर नव्याने चालू होतं. कुठला प्रोग्राम फाईल धरून बसला असेल तर रिस्टार्टने सुटते.

कोणी धरलीये ते बघायचं असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा (स्टार्टमध्ये नाव टाईप केलं की येतो), सीपीयूच्या टॅबमध्ये असोसिएटेड हँडल्स आहे, तिथल्या शोधपेटीत फाईलच्या नावाचा तुकडा टाका, धरून बसलेला प्रोग्राम नावानिशी दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईजमध्ये फाईल लॉकस्मिथ आहे तोही हेच काम राईट क्लिकवर करतो, फुकट आहे. पण कृपा करून ते "अनलॉकर"च्या नावाने कुठल्याही साईटवरून मिळणारं डाऊनलोड करू नका, सोबत टूलबार आणि काय काय घरात घुसतं.

रत्नांग्री_एक्सप्रेस
परमिशनचा लोचा असणार. विंडोज परत टाकलंय ना, म्हणजे जुन्या युजरच्या नावावर फोल्डर असेल. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे ओनर बदलून स्वतःचं नाव टाका.

कातळशिल्प
ताई, ओनर बदलू नका आणि फॉरमॅट तर अजिबात नको. तुमचा मेसेज नीट वाचला तर उत्तर त्यातच आहे. फाईल कोणी धरली असती तर विंडोजने "फाईल इन यूज" म्हटलं असतं. परमिशन नसती तर "यू नीड परमिशन" म्हटलं असतं. डिस्क खराब असती तर "करप्टेड अँड अनरीडेबल" आलं असतं, एरर कोड झिरो एक्स ८००७०५७०, आणि मग चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवायला सांगितलं असतं. तुम्हाला यातलं काहीच येत नाहीये, विंडोज म्हणतंय असं फोल्डर नाहीच. आणि त्याच्या हिशोबाने ते खरं बोलतंय.

गोम आहे "इ." मधल्या टिंबात. विंडोज कुठल्याही फाईल-फोल्डरच्या नावाच्या शेवटी असलेला टिंब किंवा स्पेस गुपचूप छाटून टाकतं, डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या, काळापासूनची खोड आहे. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाईली मांडायची पद्धत) डिस्कला स्वतःला असल्या नावाचं काही वावडं नाही, उबुंटूलाही नाही, त्यामुळे त्या मुलाने तिकडून नाव दिलं ते टिंबासकट डिस्कवर उतरलं. आता तुम्ही विंडोजमध्ये डिलीट दाबलं की एक्सप्लोरर टिंब छाटून "लेबल बिलं इ" शोधायला जातो, ते नसतंच, मग म्हणतो सापडलं नाही. यादीत दिसतं कारण यादी डिस्कवरचं नाव जसंच्या तसं वाचून दाखवते.

एक फार महत्त्वाचं. हे करून बघताना तुम्ही त्याच जागी बिनटिंबाचं "लेबल बिलं इ" असं फोल्डर बनवलंय का? असेल तर टिंबवाल्यावर डिलीट दाबल्यावर बिनटिंबाचं उडू शकतं, कारण विंडोजला दोन्ही नावं एकच वाटतात. आधी ते तपासा. आणि आत काय आहे, हवंय की नकोय ते पण सांगा, उपाय त्यावर ठरेल.

गुहागर_बंदर
बरोबर, टिंब माझ्या लक्षातच नाही आला. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयआर स्लॅश एक्स मारून बघा, त्यात प्रत्येक नावाचं आठ अधिक तीन अक्षरांचं जुनं छोटं नाव दिसतं, टिल्डा (~) आणि एक वगैरे असलेलं. त्या छोट्या नावाने डिलीट मारलं की टिंबाचा प्रश्नच येत नाही.

पेटीवाली_देवगड
बापरे, टिंब! बिनटिंबाचं फोल्डर नाही बनवलं, नशीब. डीआयआर करून बघितलं, काळ्या खिडकीत मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात, आणि तुम्ही म्हणता ते छोटं नाव या फोल्डरपुढे रिकामं आहे. आणि हो, अजून एक आहे तसलंच, "इतर इ." नावाचं, ते पण हलत नाही. त्यात काही नाही, बिलांच्या कॉप्या आहेत त्या दुसरीकडे पण आहेत. पण "लेबल बिलं इ." मध्ये पेटीवरच्या लेबलची कोरलची (डिझाईनच्या प्रोग्रामची) फाईल आहे, ती गेली तर परत डिझाईन करायला लागेल, प्रेसवाला सीझनमध्ये उभा करणार नाही.

कातळशिल्प
छोटं नाव रिकामं असणं साहजिक आहे. ती नावं विंडोज स्वतः फोल्डर बनवताना देतं, आणि नव्या विंडोजमध्ये सी सोडून बाकी ड्राइव्हवर बहुधा देतही नाही. हे फोल्डर उबुंटूने बनवलंय, त्याने दिलंच नाही. चौकोन दिसतात तो फक्त फाँटचा प्रश्न, आतमध्ये नाव बरोबरच असतं, कॉपी-पेस्ट केलेलं चालतं.

आता आधी नको असलेलं "इतर इ." घ्या. इथे बॅकस्लॅश टाईप केला की गिळला जातो म्हणून शब्दात लिहितो, सावकाश करा. एक्सप्लोररमध्ये त्या फोल्डरवर एफ २ दाबा, नाव निळं झालं की कंट्रोल सी, मग एस्केप. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा. इंग्रजीत आर डी, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, डबल कोट, मग लगेच दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह, एक बॅकस्लॅश, मग डी, कोलन, बॅकस्लॅश, मग राईट क्लिक करून नाव पेस्ट, टिंब आलाय ना ते बघा, डबल कोट बंद. एंटर. तो विचारेल खात्री आहे का, वाय दाबा. ते दोन बॅकस्लॅश-प्रश्नचिन्ह-बॅकस्लॅश म्हणजे विंडोजला सांगणं की बाबा नावात तुझी हुशारी करू नकोस, दिलंय तसंच उचल. हे रिसायकल बिनमध्ये जात नाही, गेलं म्हणजे गेलंच, म्हणून लेबलवाल्या फोल्डरवर हे करू नका.

लेबलवाल्याला ज्या वाटेने आलं त्याच वाटेने न्या. तो उबुंटूचा पेनड्राइव्ह आहे का घरात? असेल तर त्यावरून चालू करा, इन्स्टॉल नाही, ट्राय उबुंटू, डी ड्राइव्ह उघडा, फोल्डर रिनेम करून टिंब काढा, बंद करा. विंडोजमध्ये आल्यावर साध्या फोल्डरसारखं वागेल.

रत्नांग्री_एक्सप्रेस
टिंबासाठी एवढं रामायण 😅 पण ओनर बदलायचा तोडगा माझ्याकडे चालला होता एकदा, म्हणून म्हटलं.

कातळशिल्प
चालतो ना, जुन्या हार्डडिस्कच्या केसमध्ये तोच लागतो. फक्त मेसेजमध्ये ट्रस्टेडइन्स्टॉलर हे नाव दिसलं तर ती विंडोजची स्वतःची फाईल असते, तिथे ओनर बदलायच्या भानगडीत पडायचं नाही.

पेटीवाली_देवगड
"इतर इ." गेलं!! वाय दाबलं आणि गायब, विश्वासच बसेना, दोनदा रिफ्रेश करून बघितलं. पेनड्राइव्ह पण सापडला ड्रॉवरमध्ये, उबुंटू चालू झालं, डी ड्राइव्ह उघडला, आत कोरलची फाईल दिसतेय देवाच्या कृपेने. पण रिनेम करू देत नाही, रीड ओन्ली म्हणतंय. आता हे काय?

गुहागर_बंदर
मालवणी भाऊंची गजाल इथे कामाला आली बघा. तुम्ही विंडोज शटडाऊन करून पेनड्राइव्ह लावला असणार. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं आहे, उबुंटूला ते कळतं आणि तो डिस्कवर लिहायला नकार देतो, लिहिलं तर डेटा बिघडू शकतो म्हणून. शहाणा आहे तो. परत विंडोजमध्ये जा, शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा, तसं केलं की पूर्ण बंद होतं. मग पेनड्राइव्ह. जबरदस्तीने लिहायचा मार्ग कोणी सांगितला तर ऐकू नका.

मालवणी_गजाल
बघा, मी सांगलंय तेव्हा हसलास 😎

पेटीवाली_देवगड
झालं! शिफ्ट धरून बंद केलं, उबुंटूत टिंब काढला, विंडोजमध्ये फोल्डर उघडलं. कोरलची फाईल आधी पेनड्राइव्हवर आणि मेलवर टाकली, मग बाकीचं साफ केलं, डिस्कवर भरपूर जागा झाली. कातळशिल्प, गुहागर आणि मालवणी भाऊ, तिघांचे आभार. त्या मुलालाही सांगितलं टिंबाचं, तो म्हणतो काकू आम्हाला हे कॉलेजात नाही शिकवत.

दशावतार_वेडा
याच धाग्यात विचारतो, चालेल ना. माझ्याकडे दशावतारी नाटकांचं रेकॉर्डिंग आहे, वर्ष मग गाव मग मंडळ मग आख्यान अशी फोल्डरात फोल्डर, सगळी नावं मराठीत आणि लांबच लांब. त्यातलं एक जुनं फोल्डर डिलीट करताना "सोर्स पाथ टू लाँग" येतं. टिंब-बिंब काही नाही. नाव मोजलं तर एवढं मोठं पण वाटत नाही.

कातळशिल्प
तुमचा मेसेज वेगळा म्हणून दुखणंही वेगळं. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाईलच्या नावापर्यंत पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आत असावा लागतो. आणि मराठीत डोळ्याने मोजून फसायला होतं, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "श्री" हे आपल्याला एक अक्षर, विंडोजला चार: श, हलन्त, र आणि दीर्घ ई. आख्यानांच्या नावात जोडाक्षरं भरपूर, मर्यादा कधी ओलांडली कळत पण नाही. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ही मर्यादा उठवायची सेटिंग आहे पण ती प्रत्येक प्रोग्रामने मानावी लागते, एक्सप्लोरर मानत नाही.

सोपं म्हणजे वरच्या फोल्डरांपासून सुरुवात करा, वर्षाचं नाव "१", गावाचं "२" असं छोटं करत खाली या, पत्ता आखूड झाला की डिलीट होईल. नाहीतर सेव्हन-झिप या फाईली झिप करायच्या फुकट प्रोग्रामचा स्वतःचा फाईल मॅनेजर उघडून त्यातून शिफ्ट डिलीट करा, त्याला लांब पत्त्याचं काही वाटत नाही. रोबोकॉपीने (विंडोजची कॉपी करायची आज्ञा) रिकामं फोल्डर त्यावर मिरर करायची, म्हणजे ते हुबेहूब रिकाम्यासारखं करायची, युक्ती पण आहे, पण त्यात आधी रिकामं आणि नंतर नकोसं हा क्रम उलटा झाला तर भलत्याच फोल्डरचा बाजार उठतो, त्यामुळे रेकॉर्डिंग असेल तिथे मी ती सुचवणार नाही.

दशावतार_वेडा
वरून नावं छोटी करत आलो, चौथ्या फोल्डरला सुटलं. उरलेल्या नाटकांची नावं पण आता आखूड करतो, मंडळाचं नाव प्रत्येक फाईलमध्ये परत लिहायची गरज नव्हतीच. एक गंमत, मिक्सरमधून डायरेक्ट घेतलेला आवाज ठेवायला इंग्रजीत ऑक्स नावाचं फोल्डर करायला गेलो तर ते पण करू देत नाही?

गुहागर_बंदर
नाही देणार. ए यू एक्स, सी ओ एन, पी आर एन, एन यू एल, आणि कॉम १, एलपीटी १ असली नावं डॉसमध्ये उपकरणांची होती, ती अजून राखीव आहेत, विंडोज १० पर्यंत तर पुढे एक्स्टेन्शन लावलं तरी. ऑक्स केबल म्हणा नाहीतर मराठीतच लिहा, फक्त उबुंटूतून हट्टाने तसं बनवू नका, नाहीतर उद्या तेच डिलीट करायला परत इथे याल.