जाहिरात थांबवली आणि आकडा जमिनीवर आला

लंबक:
जुन्या घड्याळांच्या दुरुस्तीवर माझी छोटीशी वेबसाइट आहे. गेल्या वर्षी सर्चमध्ये जाहिराती द्यायला लागलो आणि येणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. दोन महिन्यांपूर्वी त्या थांबवल्या. दुसऱ्याच दिवशी आकडा मूळ जागी! वर्षभर पैसे ओतून हातात काय राहिलं? उलट, लंबकाचं घड्याळ मागे का पडतं यावर चार वर्षांपूर्वी लिहिलेला लेख आजही रोज माणसं आणतोय, तेही फुकट. माझं मत सरळ आहे. जाहिरात म्हणजे भाड्याची खोली, रँकिंग, म्हणजे पैसे न भरता निकालांत मिळालेला क्रमांक, हे स्वतःचं घर. पटत नसेल त्यांनी भांडावं.

अर्धविराम:
भांडतो. घर तुमचं असेल, जमीन सर्च इंजिनाची आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलचा 'पांडा' बदल आला आणि उथळ मजकुरावर उभ्या असलेल्या साइट्स खाली घसरल्या. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' आला, त्यात विकतच्या लिंकांच्या जोरावर वर चढलेले आपटले. असे बदल तुम्हाला विचारून होत नाहीत. जाहिरातीत निदान किती दिले आणि किती क्लिक आले हे दिसतं. आणि तो लेख फुकट कसा? लिहायला जागलात त्या रात्री कोणाच्या खात्यात मांडायच्या?

लंबक:
रात्रींचा हिशेब मान्य. पण उथळ मजकूर आपटला हे तर माझ्याच बाजूचं झालं की!

नोंदवही:
दोघंही नुसते क्लिक मोजताय. जाहिरातीवर क्लिक करणारा माणूस जाहिरात नसती तर आलाच नसता, हे कशावरून? ईबे या ऑनलाइन बाजाराने २०१२ मध्ये याहू आणि एमएसएनवरच्या, स्वतःच्या नावाच्या शोधाला लावलेल्या जाहिराती बंद करून पाहिल्या. गेलेल्या क्लिकांपैकी ९९.५ टक्के खालच्या साध्या, म्हणजे बिनपैशाच्या, निकालांवरून परत आले. म्हणजे दाराशी आलेल्या माणसाला आत आणण्याचे पैसे मोजत होते! नाव सोडून इतर शब्दांवरच्या जाहिरातींचाही प्रयोग झाला. नव्या किंवा क्वचित येणाऱ्यांवर परिणाम दिसला, नेहमीच्या गिऱ्हाइकांवर जवळपास नाहीच. खर्च मात्र मुख्यतः या नेहमीच्यांवरच होत होता. ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला.

पान_दुसरं:
माझ्या मते जाहिरात दिली की रँकिंगलाही हळूच हात मिळतो. सगळे म्हणतात.

अर्धविराम:
सगळे म्हणतात, गूगल नाही म्हणतं. गूगलवर विश्वास नसेल तर धागाकर्त्याचाच अनुभव बघा. वर्षभर पैसे भरले, आणि बंद केल्यावर आकडा तसूभरही वर राहिला नाही.

नोंदवही, ईबेचं माप इथे लावू नका. ईबे लोकांना तोंडपाठ आहे. गूगलच्या संशोधकांनी जाहिराती थांबवल्यावर काय होतं ते तपासलं होतं. साध्या निकालांत साइट पहिली असेल तर जाहिरातीचे सरासरी ५० टक्के क्लिक खरोखर जादाचे, म्हणजे जाहिरात नसती तर आलेच नसते, दुसरी ते चौथी असेल तर ८२, आणि त्याखाली ९६.

नोंदवही:
ज्याचं दुकान त्याचाच तराजू!

अर्धविराम:
तराजू त्याचा, पण काटा ईबेच्याच दिशेने झुकतोय. जितके वर दिसता तितकी जाहिरात वाया. लंबकरावांचा एकूण आकडा पडला, याचा अर्थ ती माणसं बहुधा जाहिरातीनेच आणली होती. तक्रार जाहिरातीविरुद्ध आणि पुरावा तिच्या बाजूचा, असा धागा पहिल्यांदा पाहतोय.

जुनी_सवय:
रँकिंग रँकिंग काय करताय, पहिला क्रमांक उरलाय कुठे? फेब्रुवारी २०१६ मध्ये गूगलने संगणकावर निकालांच्या उजवीकडच्या जाहिराती काढल्या आणि वर चारपर्यंत दाखवायला सुरुवात केली. पैसे मिळतील अशा शोधांवर पहिला आलेला पाचव्या ओळीत. त्यात २०२४ पासून एआयचं उत्तर सगळ्यांच्या डोक्यावर. गंमत म्हणजे गूगलचे संस्थापक पेज आणि ब्रिन यांनी १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात स्वतःच लिहिलं होतं की जाहिरातींवर चालणारी सर्च इंजिनं जाहिरातदारांकडे झुकणारच. अडीच वर्षांत, ऑक्टोबर २००० मध्ये, त्यांनीच ॲडवर्ड्स ही गूगलची जाहिरातसेवा सुरू केली.

पान_दुसरं:
पण मग लंबक यांनी करायचं काय?

लंबक:
काल रिपोर्ट उघडून बसलो. अर्धविराम यांचं निम्मं खरं आहे, माणसं नवीनच होती. पण मी नुसत्या 'घड्याळ' या शब्दावर बोली लावली होती, म्हणजे तो शब्द असलेल्या शोधांवर माझी जाहिरात दिसायची. बहुतेकांना नवं घड्याळ विकत घ्यायचं होतं, ते अर्ध्या मिनिटात परतले. काहींनी तर 'घड्याळात आत्ता किती वाजले' असं शोधलं होतं. त्या क्लिकचेही पैसे मीच भरले! लंबकाच्या लेखावर येणारा मात्र शेवटपर्यंत वाचतो, कधी प्रश्नही विचारतो. तेव्हा दुप्पट हा आकडाच फसवा होता.

स्प्रिंग बदलण्यावरचा माझा लेख तिसऱ्या पानावर पडून आहे. फक्त त्याच्यासाठी, पूर्ण वाक्याच्या शोधांवर, पुन्हा जाहिरात देऊन बघतो.

अर्धविराम:
म्हणजे खोली पुन्हा भाड्याने.

नोंदवही:
देणार असाल तर एक आठवडा चालू, एक बंद, असं निदान चारदा करा. आणि क्लिक मोजू नका, लेख संपेपर्यंत किती जण टिकले ते मोजा.

लंबक:
करतो. आकडे इथेच टाकेन.