उरणचे भट्टीखाने: तंत्र आलं की नुसतं कुलूप?

उरणकर: "इंग्रजांनी आपल्याला दारू गाळायचं आधुनिक तंत्र दिलं" असं परवा इथेच कुणीतरी ठोकून दिलं. कुठलं तंत्र? 1878चा मुंबई अबकारी कायदा आला, गावोगावच्या भट्ट्या मोडल्या आणि गाळप उरणसारख्या ठिकाणी पारशी मालकांच्या भट्टीखान्यांत गेलं. मोहफुलं तीच, सडवा (आंबवलेलं पाणी) तोच, गाळायचा हंडाही तोच, फक्त मोठा. नवीन काय, तर कुंपण, पहारा आणि साहेबाचा हायड्रोमीटर, म्हणजे दारूचा कडकपणा मोजायचं साधन. ही कर वसुलीची सोय झाली.

मळीवाला: हायड्रोमीटरला हसू नका. त्याआधी माप काय, तर "पहिल्या धारेची आहे" हा विकणाऱ्याचा शब्द! कडकपणाचे आकडे ठरले तेव्हा गिऱ्हाइकाला किती पाणी पाजलं ते कळायला लागलं. आणि कॉफी स्टिल हे गाळपाचं यंत्र विसरलात. (प्यायच्या कॉफीशी संबंध नाही. इनियस कॉफी हा आयर्लंडचा अबकारी अधिकारी, पेटंट 1830चं.) हंडा दर घाण्याला रिकामा करा, धुवा, पुन्हा भरा. इथे दोन उभे कॉलम, एकात वरून वॉश (म्हणजे तुमचा सडवाच) उतरतो, खालून वाफ चढते. गार वॉश आधी दुसऱ्या कॉलमच्या नळीतून फिरतो, तिथली वाफ निववतो आणि स्वतः तापतो. जळण वाचतं, काम थांबत नाही. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत 22 वर्षं काढली आहेत. मळीचं 94 टक्क्यांचं स्पिरिट एका दमात हंड्यातून काढून दाखवा, मग बोलू.

उरणकर: कॉलम भारी, मान्य. पण तुमचे सहकारी कारखाने स्वातंत्र्यानंतरचे, ते श्रेय साहेबाला कशाला? त्याने 1892ला काय केलं ते बघा: ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत मोहफुलांवरच कायदा! कातकरी-ठाकरांच्या घरात जे फूल उकडून खातात, ते बाळगायलाही सरकारची परवानगी हवी. चोरटी भट्टी पकडता येईना म्हणून फूलच पकडलं.

मळीवाला: तो कायदा वाईटच, त्यावर वाद नाही. पण 1949च्या आपल्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांची कलमं आहेत, तिथे कुठला साहेब होता?

पेडण्याचो: दोघेही मोहात अडकलात! काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, गाळायची भाटी (भट्टी) आमच्या गोव्याचीच. आधी मडकी, आता तांब्याचं भाण (हंडा), एवढाच फरक. माझा मामा अजून बाटली हलवून बुडबुडे किती टिकतात ते बघतो आणि हुर्राक (पहिल्या गाळपाची सौम्य दारू) की फेणी ते सांगतो. 2009ला काजू फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो याच भाटीच्या जोरावर.

मळीवाला: मामांच्या दोन बाटल्या पाठवा. हायड्रोमीटर माझ्याकडे आहे.